सर घरी किती वाजता येतात?

मागच्या अंकात कराटे शिकवणाऱ्या एका सरांच्या बायकोचं चार ओळींचं पत्र छापलं होतं, आठवत असेल. "शंभर मुलं त्यांना वाकून नमस्कार करतात आणि मी रोज दाराकडे बघत बसते, मी त्यांना अजून किती सपोर्ट करायचा?" एवढंच विचारलं होतं त्यांनी. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्याच विषयाला द्यायचं ठरवलं. कराटे, ज्युदो, तायक्वांदो, कुंगफू, बॉक्सिंग, सगळीकडच्या घरांतून पत्रं आलीत आणि एक-दोन शिकवणाऱ्यांनी स्वतःही लिहिलंय. मी स्वतः गेली बावीस वर्षं ज्युदो शिकवणाऱ्या माणसाबरोबर राहतेय, त्यामुळे जे सांगतेय त्यातलं बरंचसं अंगावर घेऊन शिकलेलं आहे. नावं कुणाचीच देत नाहीये.

प्रश्न : ताई, लग्नाला सहा वर्षं झाली. मिस्टर कराटे शिकवतात. माझं ऑफिस ९ ते ६. मी घरी पोचते तेव्हा ते क्लासला गेलेले असतात, येतात साडेनऊला. रविवारी टूर्नामेंट नाहीतर बेल्ट टेस्ट. मुलगी चार वर्षांची आहे, ती बाबा येईपर्यंत झोपलेली असते. मी काही बोलले की ते म्हणतात तुला लग्नाआधी माहीत होतं ना. आणि खरंच माहीत होतं हो. मग मी बोलायचंच नाही का?

उत्तर : बोलायचं. माहीत असणं आणि रोज संध्याकाळी सहा ते साडेनऊ एकटीने निभावणं यात खूप फरक आहे, आणि तो फरक लग्नाआधी कुणालाच कळत नाही, त्यांनाही कळला नव्हता. त्यामुळे "तुला माहीत होतं" हे उत्तर होऊच शकत नाही, ते फक्त बोलणं बंद करायचं वाक्य आहे.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या म्हणजे भांडण चुकीच्या जागी होणार नाही. या कामाचे तास दुसरे असूच शकत नाहीत. लहान मुलं शाळा सुटल्यावर येणार, मोठी माणसं ऑफिस सुटल्यावर येणार, म्हणजे सगळं जग जेव्हा मोकळं होतं नेमकं तेव्हा यांची ड्युटी सुरू होते, शनिवार-रविवार पण तसंच. त्यामुळे "रोज लवकर या" म्हणणं म्हणजे "एक बॅच सोडा" म्हणणं आहे, आणि एक बॅच म्हणजे घरात येणारे पैसे. हे मी पहिली तीन-चार वर्षं लक्षातच घेतलं नव्हतं, मी नुसतं लवकर या, लवकर या करत होते आणि ते नुसते हो हो करत होते.

मग काय हलवता येतं ते बघा. एक, आठवड्यातला एक दिवस. बहुतेक क्लासमध्ये एखादा-दुसरा सीनियर ब्लॅक बेल्ट असतोच ज्याला वॉर्मअप, बेसिक, काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) हे सगळं घेता येतं, त्याला त्या दिवसाचे पैसे द्यायचे आणि तो दिवस त्याचा. शिकवणारी माणसं याला फार कां कू करतात, मी नसलो तर क्लास बिघडेल असं त्यांना वाटतं, पण त्या सीनियरला पुढे शिकवायचं असेल तर त्याला कधीतरी एकटं उभं करावं लागणारच आहे. दोन, रविवार. स्पर्धा काही आदल्या रात्री ठरत नाहीत, तारखा बऱ्याच आधी येतात आणि बेल्ट टेस्टची तारीख तर त्यांच्याच हातात असते. त्या सगळ्या तारखा कळल्या कळल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायच्या आणि त्याच वेळी तुमचे दोन रविवार पण त्यावर लिहून टाकायचे, पेनने, पेन्सिलने नाही. तीन, सकाळ. तुमच्याकडे संध्याकाळ नाहीये पण त्यांच्याकडे सकाळ आहे. मुलीला उठवणं, तयार करणं, शाळेत सोडणं हे पूर्ण त्यांच्याकडे द्या. मुलीला बाबा रात्री मिळत नसेल तर सकाळी मिळू दे, तिला त्याने काही फरक पडत नाही, तिला फक्त बाबा हवा असतो.

अजून एक सांगते. साडेनऊला जो माणूस घरात येतो त्याचं अंग थकलेलं असतं आणि डोकं मात्र टक्क जागं असतं, तीन तास मोठ्या आवाजात सूचना देऊन आलेला असतो. आमच्याकडे कितीतरी भांडणं याच अर्ध्या तासात झालीत, कारण मी दिवसभराचं साठवून ठेवलेलं दारातच सांगायला जायचे आणि ते मला बॅचच्या आवाजात उत्तर द्यायचे. मग आम्ही ठरवलं की अंघोळ होईपर्यंत कामाचं काहीच बोलायचं नाही, आणि अंघोळ झाल्यावर वीस मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. फोनचं मुद्दाम सांगतेय कारण पालकांचे मेसेज रात्री अकरापर्यंत येतात, उद्या क्लास आहे का, बेल्ट कधी मिळणार, माझ्या मुलाला टीममध्ये का नाही घेतलं. क्लासचा नंबर वेगळा घ्या आणि क्लास संपला की तो बंद. पालक आठवडाभर कुरकुर करतात, मग सवय होते.

कराटेला जपानच्या मुख्य बेटांवर नेणारे फुनाकोशी गिचिन, त्यांनी त्यांच्या आठवणींत बायकोबद्दल लिहिलंय. ते ओकिनावात, जपानच्या दक्षिणेकडच्या बेटावर, शाळामास्तर होते, पगार अगदी तुटपुंजा आणि कुटुंब मोठं, तेव्हा त्यांची बायको कापड विणायची आणि पहाटे उठून शेताच्या तुकड्यावर भाजी पिकवायला जायची. नवरा रात्री गुरूंकडे सराव करतो म्हणून तिने कधी तक्रार केली नाही असं ते कौतुकाने सांगतात. १९२२ मध्ये ते प्रात्यक्षिकासाठी टोकियोला गेले आणि तिथेच राहिले, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात झाडलोट आणि पहारा करून दिवस काढले, आणि ती कितीतरी वर्षं मागे ओकिनावातच राहिली, दुसऱ्या महायुद्धानंतर दोघं परत एकत्र आले आणि १९४७ मध्ये ती गेली. ही गोष्ट क्लासमध्ये सांगतात ती "बघा केवढा त्याग" म्हणून. मला मात्र दरवेळी वाटतं की तिला कुणी विचारलं का, आणि तिने काय सांगितलं असतं. तुम्हाला तर विचारायला माणूस समोर आहे. त्यांना हे पत्र वाचायला द्या.

प्रश्न : नवरा ज्युदो शिकवतो. त्याच्या अंगावर गोल लाल चट्टे येतात, बरे होतात, परत येतात. आता माझ्या हातावर आणि मुलाच्या मानेवर पण आलेत. त्याचा ड्रेस मीच धुते. काय करू?

उत्तर : हे बहुतेक गजकर्ण म्हणजे नायटा असणार, मॅटवर अंगाला अंग घासणाऱ्या खेळांत खूप दिसतो. तिघांनीही एकाच वेळी त्वचेच्या डॉक्टरला दाखवा, एकेकट्याने औषध लावलं तर तो घरातल्या घरात फिरत राहतो. दुकानातून मिळणारी स्टिरॉइड मिसळलेली मलमं लावू नका, दोन दिवस खाज जाते आणि नंतर चट्टा पसरतो. चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टरांनी सांगितलेत तेवढे दिवस औषध चालू ठेवायचं, इथेच सगळे चुकतात. डॉक्टर हो म्हणेपर्यंत त्याने मॅटवर कुणाला पकडायचं नाही, बाजूला उभं राहून शिकवावं. घामाचा ड्रेस बॅगेत रात्रभर कोंबून ठेवायचा नाही, रोज धुवायचा, गरम पाण्यात, आणि पूर्ण वाळवायचा. ज्युदोच्या ड्रेसची कॉलर जाड असते, ती वरून वाळल्यासारखी वाटते पण दाबून बघा, आत ओली असते. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. क्लासची मॅट रोज जंतुनाशकाने पुसली जाते का ते त्याला विचारा, आणि ड्रेस आता त्याने धुवावा. ही माझी सूचना आहे, वैद्यकीय सल्ला नाही.

प्रश्न : माझी बायको तायक्वांदो शिकवते, फोर्थ डॅन (ब्लॅक बेल्टची चौथी पायरी) आहे. मी अकाउंट्समध्ये नोकरी करतो. आतापर्यंत ती शाळांमध्ये आणि दुसऱ्यांच्या हॉलमध्ये शिकवायची, आता तिला स्वतःची जागा घेऊन अकॅडमी काढायचीय. त्यासाठी आमची सगळी बचत आणि वर कर्ज लागेल, कर्जावर माझी सही. मी जरा थांबू म्हटलं तर ती म्हणते तुझा माझ्यावर विश्वास नाही. विश्वास आहे, पण भीती पण वाटते. शिवाय मित्र चेष्टा करतात की घरी मार खातोस का वगैरे, ते तर सोडाच. चांगल्या नवऱ्याने इथे काय करायला हवं?

उत्तर : आधी मित्रांचं. ते तुम्ही "सोडाच" म्हटलंय पण पत्रात लिहिलंय, म्हणजे कुठेतरी टोचतंय. पुढच्या वेळी हसू नका. तिच्यासमोर तर अजिबातच नाही. तिने वीसेक वर्षं घालून जे मिळवलंय त्याचा दर वेळी तोच विनोद होतो आणि नवरा पण त्यात हसतो हे तिला दिसत असतं.

आता पैसे. मी तुमच्या भीतीच्या बाजूने आहे, आणि तिच्या अकॅडमीच्या पण बाजूने आहे, दोन्ही एकाच वेळी असू शकतं. तुम्ही अकाउंट्समध्ये आहात ना, मग तुमचा खरा सपोर्ट सहीच्या आधी आहे. तिच्याबरोबर एक संध्याकाळ (म्हणजे तिच्या सुट्टीची सकाळ!) बसा आणि मागच्या दोन वर्षांचा हिशोब महिन्यानुसार मांडा. प्रत्येक क्लासवाल्याला माहीत असतं की परीक्षेच्या महिन्यांत मुलं गळतात, मोठ्या सुट्टीत बॅच निम्मी होते, आणि शाळा सुरू झाली की एकदम गर्दी होते. पण हे "माहीत असतं" ते डोक्यात, कागदावर कुणाच्याच नसतं. भाडं आणि हप्ता मात्र बाराही महिने सारखाच असतो. सगळ्यात वाईट महिन्याच्या फीमध्ये भाडं, हप्ता आणि लाईट बिल निघतंय का, एवढा एकच प्रश्न विचारा. निघत असेल तर तुम्ही उगाच घाबरताय. निघत नसेल तर तो खड्डा किती महिने आणि कशाने भरणार ते आधी ठरवा.

घरखर्चाचे सहा महिन्यांचे पैसे बाजूला ठेवल्याशिवाय बाकीच्या बचतीला हात लावू नका. अकॅडमीचं बँक खातं वेगळं हवं आणि तिने त्यातून स्वतःला ठरलेला पगार घ्यावा, भले छोटा असू दे. आमच्या घरी पहिली कित्येक वर्षं फीचे पैसे आणि घरचे पैसे एकाच ड्रॉवरमध्ये असायचे, मुलांनी दिलेल्या फीमधून गॅसचं बिल जायचं आणि माझ्या पगारातून मॅट यायच्या, आणि क्लास फायद्यात आहे की तोट्यात हे आम्हा दोघांनाही सांगता येत नव्हतं. जागेचा करार किती वर्षांचा, मधे सोडता येतो का, मुलं उड्या मारणार त्याचा आवाज खालच्या मजल्यावर जाणार त्याला हरकत नाही असं जागामालकाने लेखी दिलंय ना, हे सगळं बघा. विद्यार्थ्याला दुखापत झाली तर त्यासाठी विमा घ्या, हा खर्च सगळ्यात आधी कापला जातो आणि तो कापायचा नसतो.

आणि कर्जावर सही करणार असाल तर ती जोडीदाराची सही आहे हे समजून करा, मग अकॅडमीचा हिशोब बघायचा हक्क पण तुमचा. हे तिला आधीच स्पष्ट सांगा. यात अविश्वास कसला.

रस्टी कानोकोगी म्हणून न्यूयॉर्कची ज्युदो शिकवणारी बाई होती. १९५९ मध्ये ती पुरुषांच्या टीममधून खेळली, आपली फाईट जिंकली आणि बाई आहे हे कळल्यावर तिला मेडल परत करावं लागलं. नंतर १९८० मध्ये तिने बायकांची पहिली ज्युदो जागतिक स्पर्धा न्यूयॉर्कमध्ये भरवली आणि पैशांसाठी स्वतःचं घर गहाण टाकलं. तिचा नवरा र्‍योहेई स्वतः ज्युदोवाला, दोघं मिळून शिकवायचे. १९८८ मध्ये बायकांचं ज्युदो ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिक म्हणून आलं आणि १९९२ मध्ये पदकांसकट, त्यात तिचा मोठा वाटा. मला ही बाई फार आवडते. पण घर गहाण टाका असं मी तुम्हाला सांगत नाहीये. मला सांगायचंय ते इतकंच की त्या घरात दोघांनाही माहीत होतं की घर कशासाठी लागलंय, एकाने ढकललं आणि दुसरा फरफटत गेला असं नव्हतं. तुमच्या घरात सध्या ती पळतेय आणि तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून बसलाय. कागद मांडून बसलात तर दोघं एकाच बाजूला याल.

प्रश्न : मी स्वतः ज्युदो शिकवते. ज्याच्याशी लग्न करायचं म्हणतेय तो चांगला आहे पण म्हणतो लग्नानंतर क्लास बंद कर, हवं तर घरी प्रॅक्टिस कर. थांबावं का?

उत्तर : ज्युदो घरी एकटीने होत नाही, समोर माणूस लागतो, हे त्याला माहीत नसेल तर त्याने तुमचा क्लास एकदाही नीट बघितलेला नाही. आधी त्याला बोलवा, पूर्ण दोन तास बसू दे.

फुकुदा केइको या १९१३ साली जन्मलेल्या. ज्युदो सुरू करणाऱ्या कानो जिगोरोंचे जे गुरू होते त्यांची ही नात. त्या काळात लग्न म्हणजे ज्युदो सोडणं, म्हणून त्यांनी लग्नच केलं नाही, पुढे अमेरिकेत जाऊन शिकवत राहिल्या, २०११ मध्ये नव्वदी उलटून गेल्यावर तिथल्या संघटनेने त्यांना दहावा डॅन दिला आणि २०१३ मध्ये त्या गेल्या. त्यांना दोन्हीतलं एक निवडावं लागलं. तुम्हाला आज कुणी तसं निवडायला लावत असेल तर लग्नाआधीच लावतोय हे बरंच झालं म्हणायचं. क्लास बघूनही तो तेच म्हणाला तर माझं उत्तर तुम्हाला कळलंच असेल.

प्रश्न : मी गंमत म्हणून नवऱ्याच्या कुंगफूच्या क्लासला जायला लागले, सपोर्ट म्हणून पण आणि वजनासाठी पण. आता झालंय काय की फॉर्म भरणं, फी घेणं, लहान मुलांची भांडणं सोडवणं, युनिफॉर्मची ऑर्डर, सगळं माझ्याकडे आलंय. क्लासमध्ये तो मला सगळ्यांपेक्षा जास्त ओरडतो, म्हणतो नाहीतर लोकांना वाटेल बायकोला फेवर करतो. मला शिकायला खरंच आवडतं, पण आता जायला नको वाटतं.

उत्तर : तुम्ही तीन वेगळ्या नोकऱ्या करताय, विद्यार्थी, ऑफिस आणि बायको, आणि तिन्हींचा बॉस एकच आहे. त्या सुट्ट्या करा.

शिकायचं असेल तर मॅटवर असताना तुम्ही विद्यार्थी, तिथे तुम्हाला कुणी फीच्या पावतीसाठी हाक मारायची नाही. ऑफिसचं काम करायचं असेल तर त्याचे तास ठरवा आणि त्याचा मोबदला घ्या, क्लासच्या खात्यातून, तुमच्या नावावर. "आपल्याच घरचं तर आहे" हे मी पण खूप वर्षं ऐकलंय. घरचं असलं तरी दुसरी मुलगी ठेवली असती तर तिला पगार दिलाच असता ना.

ओरडण्याबद्दल मला खरंच वाईट वाटलं. फेवर करायचा नाही म्हणून जास्त ओरडणं हा पण भेदभावच आहे फक्त उलट्या बाजूने. यावर बऱ्याच क्लासमध्ये साधी पद्धत असते, जोडीदाराला दुसरा सीनियर शिकवतो आणि परीक्षा बाहेरचा परीक्षक घेतो. नवऱ्याने तुमच्या बेल्टच्या निर्णयात असायचंच नाही. तसं केलं की त्याच्यावरचं लोक-काय-म्हणतीलचं ओझं पण जातं, तुमच्यावरचं पण. आणि घरी आल्यावर "तुझा स्टान्स चुकत होता" हे बंद, तुम्ही स्वतःहून विचारलं तरच.

असं जमतं, अशक्य नाहीये. केरळमध्ये वडकरा इथल्या मीनाक्षी अम्मा, २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली त्या, सातव्या वर्षी कळरीत, म्हणजे कळरीपयट्टू ही केरळची युद्धकला शिकवतात तिथे, शिकायला गेल्या आणि पुढे त्यांच्या गुरुक्कलांशीच, म्हणजे गुरूंशीच, त्यांचं लग्न झालं. नवऱ्याच्या मागे ती कळरी त्याच चालवायला लागल्या. त्यांच्या नवऱ्याने त्यांना नुसत्या हजेऱ्या घ्यायला बसवलं असतं तर हे झालं नसतं. तुमच्या नवऱ्याला विचारा, उद्या तुला काही झालं तर हा क्लास मी शिकवू शकेन असं तू मला तयार करतोयस का, की फक्त पावत्या फाडायला ठेवलंयस.

प्रश्न : हे कुणाला सांगितलेलं नाही. माझा नवरा मिक्स्ड मार्शल आर्ट्स शिकवतो. खूप लोकप्रिय आहे, मुलं देव मानतात. भांडण झालं की तो माझं मनगट पिरगळून मला खाली बसवतो, म्हणतो मारलं थोडीच, हा तर बेसिक लॉक आहे. एकदा मागून गळ्यात हात घालून दाबलं, दोन सेकंद डोळ्यांसमोर अंधार आला. नंतर म्हणाला मला कंट्रोल आहे, तुला काही होऊ देणार नाही. क्लासचं टेन्शन असतं त्याला, मी समजून घ्यायला कमी पडतेय का?

उत्तर : नाही. तुम्ही कुठेच कमी पडत नाही आहात. हा सपोर्टचा प्रश्नच नाही, ही मारहाण आहे. त्याला लॉक म्हणा, बेसिक म्हणा, गंमत म्हणा, ज्याने तुमच्या परवानगीशिवाय तुम्हाला वेदना देऊन खाली बसवलं त्याने तुमच्यावर हात टाकला.

त्याच्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी काय शिकवतात आठवा. समोरच्याने टॅप केलं, म्हणजे थांब म्हणून हाताने थापटलं, की त्याच क्षणी सोडायचं. मॅटवर दोघांनी ठरवून सुरुवात केलेली असते आणि दोघांकडे थांबवायचा हक्क असतो. तुमच्याकडे घरात टॅप करायची सोय आहे का? नाहीये. हा माणूस नियम जाणतो, बाहेर रोज पाळतो, आणि घरात मोडतो. म्हणजे कंट्रोल त्याला खरंच आहे, आणि म्हणूनच हे टेन्शनमुळे होतंय हे मी मानणार नाही. टेन्शन असताना तो विद्यार्थ्यांचे मनगट पिरगळत नाही.

गळ्याचं मी वेगळं सांगतेय, कृपया लक्ष देऊन वाचा. गळा दाबल्यावर डोळ्यांसमोर अंधार येणं म्हणजे मेंदूचं रक्त अडलं होतं. बाहेरून एकही खूण नसली तरी आत इजा असू शकते आणि त्रास काही तासांनी, काही दिवसांनी सुद्धा सुरू होऊ शकतो. आवाज बसला, गिळायला त्रास झाला, मान दुखली, डोळ्यात लाल ठिपके दिसले, हातापायात कमजोरी वाटली तर लगेच हॉस्पिटलमध्ये जा, आणि यातलं काहीच नसलं तरी डॉक्टरला दाखवा, काय झालं ते खरं सांगा आणि कागदावर नोंद करून घ्या. ज्या घरात गळा दाबला जातो तिथे पुढे जिवावर बेतण्याचा धोका खूप वाढतो, हे या विषयावर काम करणारे सगळेच सांगतात. मी घाबरवत नाहीये, पण हे तुमच्यापासून लपवणार पण नाही.

आता करायचं काय. एका माणसाला सांगा, आज. बहीण, मैत्रीण, ऑफिसमधली कुणीही, जी तुमच्यावर विश्वास ठेवेल आणि त्याला जाऊन सांगणार नाही. कागदपत्रं, थोडे पैसे, फोनचा चार्जर, औषधं घराबाहेर कुणाकडे तरी ठेवा. कुठे जायचं ते आधी ठरवून ठेवा. महिलांसाठीच्या हेल्पलाईनला किंवा वकिलाला फोन करायचा तर त्याला दिसणार नाही अशा फोनवरून करा. "मी निघून जाईन" असं त्याला भांडणात सांगू नका, निघायचं असेल तर न सांगता निघा, ती वेळ सगळ्यात धोक्याची असते. आणि लोक म्हणतील की सर असं करूच शकत नाहीत. म्हणू दे. त्यांनी सरांना मॅटवर बघितलंय, घरात तुम्ही बघितलंय. मला तुमची काळजी वाटते, जमेल तेव्हा सदराच्या पत्त्यावर एक ओळ पाठवा, नाव नको, फक्त बरी आहे एवढं.

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी कराटेचा इन्स्ट्रक्टर, वय ४१. चार महिन्यांपूर्वी डेमो देताना गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं. क्लास सीनियर मुलं कशीबशी चालवतायत, निम्मी मुलं गेली. बायकोने जादा काम घेतलंय, ती रात्री दहाला येते. मी घरी बसून असतो, ती काही बोलत नाही पण मला तिच्या तोंडाकडे बघवत नाही. परवा डॉक्टर नको म्हणाले असताना मी क्लासला जाऊन किक मारून बघितली आणि गुडघा परत सुजला. बायको खूप रडली. मी काय करू?

उत्तर : सर, किक परत मारू नका. लिगामेंटचं ऑपरेशन झाल्यावर खेळात परत यायला साधारण नऊ महिने ते वर्ष लागतं. चौथ्या महिन्यात चालताना बरं वाटतं आणि तिथेच सगळ्यांची फसगत होते, कारण आतला नवा लिगामेंट अजून पुरता भरलेला नसतो. आमच्याकडे खांद्याचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा हेच झालं, मी बाहेर गेले होते आणि हे बाथरूममध्ये टॉवेल लॅचला बांधून ओढून बघत होते, खांद्याला अजून टाके होते. मी आल्यावर टॉवेल तसाच लटकत होता त्यावरून मला कळलं. तेव्हा मला राग आला नव्हता, तुमच्या बायकोसारखंच रडू आलं होतं. एवढे दिवस मी जे केलं, उठवणं, बसवणं, शर्टात हात घालून देणं, ते सगळं यांनी पाच मिनिटांत पणाला लावलं असं वाटलं. तुमची बायको गुडघ्यासाठी रडली नसेल फक्त.

ब्रूस लीचं तुम्हाला माहीत असेल पण घरातली बाजू कमी लोक सांगतात. १९७० मध्ये वजन उचलताना त्याची पाठ गेली, डॉक्टर म्हणाले परत किक मारता येणार नाही, कित्येक महिने अंथरुणात. पदरात दोन लहान मुलं. तेव्हा लिंडाने, त्याच्या बायकोने, संध्याकाळची नोकरी धरली, लोकांच्या फोनचे निरोप घेणाऱ्या ऑफिसमध्ये. ती कामाला गेली की मुलांना तो बघायचा. आणि त्या महिन्यांत त्याने वह्याच्या वह्या लिहून काढल्या, त्यातल्या नोंदी तो गेल्यावर लिंडानेच १९७५ मध्ये पुस्तक म्हणून बाहेर आणल्या. तो काही तिच्या तोंडाकडे बघायचं टाळत बसला नसणार, मुलं सांभाळताना तेवढा वेळच मिळत नाही.

तुम्ही पण घरात बसून "असता" असं लिहिलंय. घर कोण बघतं? ती दहाला आल्यावर स्वयंपाक कोण करतं, कपडे कोण वाळत घालतं? गुडघा दुखतोय, हात तर चांगले आहेत ना. एवढी वर्षं संध्याकाळी घर तिने एकटीने सांभाळलं, आता संध्याकाळी तुम्ही घरी आहात. तिच्या वाटणीची ती संध्याकाळ एकदा करून बघा, मुलांच्या अभ्यासापासून दुसऱ्या दिवशीच्या तयारीपर्यंत. तिच्या तोंडाकडे बघायला मग जड जाणार नाही असं मला वाटतं.

क्लासलाही जा, पण खुर्चीवर. फिजिओथेरपिस्टला विचारून आठवड्यातले दोन दिवस. खुर्चीवरून काता दुरुस्त करता येतो, हाताचं टेक्निक शिकवता येतं, सीनियर मुलांना शिकवायचं कसं ते शिकवता येतं, जे तुम्ही आतापर्यंत वेळ नाही म्हणून टाळलं असणार. ज्या पालकांनी मुलं काढली त्यांना स्वतः फोन करा आणि मी अमुक महिन्यात परत उभा राहणार, तोपर्यंत बाजूला बसून शिकवतोय असं खरं सांगा, काही परत येतील.

आणि आज रात्री ती दहाला येईल तेव्हा तिला सांगा की मी घाबरलो होतो म्हणून किक मारून बघितली. मला परत उभं राहता येणार नाही अशी भीती वाटली म्हणून. तिला वाटतंय तुम्ही तिचं ऐकलं नाही. तिला खरं कारण माहीतच नाहीये.